काळ्या फत्तराखालचं पाणी

त्या मुलखात पाणी जमिनीवर नव्हतं, जमिनीखाली होतं. नद्या होत्या, पण वर्षातले चारच महिने. उरलेले आठ महिने त्यांच्या पात्रात नुसती वाळू आणि गोटे. तहान मात्र बारमाही होती. म्हणून तिथे सगळ्यांत मोठा मान वाघाला नव्हता, पाणाड्याला होता. जमिनीला कान लावून, खाली पाणी आहे की नाही ते सांगणारा तो पाणाड्या. पाणाड्या होण्याची अट एकच. आजवर कुणाच्याही जिभेला लागला नाही असा एक झरा शोधून दाखवायचा. दुसऱ्याचा झरा खोल करून चालत नसे, दुसऱ्याच्या पाण्याला वळण देऊन आणलेलंही चालत नसे. झरा कोरा हवा.

ही विद्या घरी बसून येत नसे. तिच्यासाठी जलपीठाच्या टेकड्यांवर जावं लागे आणि तिथल्या एखाद्या जाणत्या पाणाड्यापाशी पाच-सात वर्षं राहावं लागे.

ठकू साळिंदर तिथे गेली त्याला आता खूप काळ लोटला. तिच्या पाठीवरचे काटे पांढरे पडले, पुढचे दोन दात झिजले. तरी कुणी जलपीठाचं नाव काढलं की ती हातातलं काम थांबवते, आणि पहिल्यांदा आठवतो तो अर्ज.

अर्जासोबत तीन गोष्टी पाठवाव्या लागत: आपल्या गावची मूठभर माती, एका वडीलधाऱ्याची शिफारस, आणि ‘मला पाणी का शोधायचं आहे’ हे पळसाच्या पानावर स्वतः लिहिलेलं निवेदन. दरवर्षी शेकड्यांनी पानं येत आणि जवळजवळ सगळी एकाच वाक्याने सुरू होत, ‘लहानपणापासूनच मला पाण्याची ओढ होती.’ ठकूनेही तेच लिहिलं होतं. खरं कारण वेगळं होतं. ती चार वर्षांची असताना गावचा झरा आटला. त्या दिवसापासून सगळं गाव दोन डोंगर ओलांडून दुसऱ्यांच्या झऱ्यावर जाऊ लागलं, आणि तिथले प्राणी आधी आपली पिल्लं, मग आपले पाहुणे, मग ओळखीपाळखीचे, असं पाजून झाल्यावर ठकूच्या आईला म्हणत, ‘हं, आता तुम्ही.’ तो ‘हं’ ठकूच्या कानातून कधी गेला नाही. पण असलं काही अर्जात लिहायचं नसतं, असं तिला वाटलं होतं.

शिफारस कासवगुरुजींची होती. गुरुजी फार हळू लिहीत, म्हणून थोडं लिहीत. त्यांनी एकच ओळ लिहिली: ‘हिला नाही म्हटलेलं ऐकू येत नाही.’

जलपीठात अर्ज वाचायला तीन बगळे होते. तिघेही एका पायावर उभे राहून, डोळे मिटून वाचत. त्यांनी ती ओळ वाचली आणि मुलीच्या कानात दोष आहे असा निष्कर्ष काढला. पाणाड्याला तर कान हवेत. महिन्याभराने कावळा उत्तर घेऊन आला: ‘यंदा अर्ज फार आले. आपण गुणी आहात. आपल्याला शुभेच्छा.’ पलीकडच्या पाड्यावरच्या मुंगसालाही तेच उत्तर आलं होतं, अक्षराला अक्षर.

दुसऱ्या वर्षी ठकू गुरुजींकडे गेली. “गुरुजी, ती ओळ जरा बदलता का?”

गुरुजींनी मान कवचातून हळूहळू बाहेर काढली. “का? आता ऐकू यायला लागलं का तुला?”

“नाही.”

“मग आहे तेच लिहितो.”

त्या वर्षी निवेदन मात्र ठकूने बदललं. पाण्याची ओढ खोडली आणि तो ‘हं’ लिहिला. आणि काय झालं कुणास ठाऊक, एक नाही, दोन बोलावणी आली.

पहिलं बोलावणं महाबळ हत्तीचं होतं. महाबळ म्हणजे सगळ्या मुलखात दुमदुमणारं नाव. त्याच्या नावावर चाळीस झरे होते, आणि त्याच्या टेकडीखाली एवढा मोठा डोह होता की त्यात ढग पूर्ण दिसत. दुसरं बोलावणं धोंडूमास्तरांचं. हे धोंडूमास्तर म्हणजे खवलेमांजर. मुंग्या खाणारं, अंगभर खवले, आणि जास्त बोललं कुणी की अंगाचं मुटकुळं करून गप्प बसणारं. त्यांच्या नावावर झरे दोनच. पण पाण्याबद्दलचा एक नियम त्यांचा होता, आणि तो मुलखातल्या प्रत्येक शाळेत पाठ करून घेत: ‘मुरूम लागला तर खणा, काळा फत्तर लागला तर घरी जा.’ काळ्या फत्तराखाली पाणी नसतं, हे मास्तरांनी तरुणपणी सांगितलं आणि हजारो पंजे फुकट झिजायचे वाचले.

गावात आनंदाला उधाण आलं ते हत्तीच्या बोलावण्याने. आईने तर दुसऱ्यांच्या झऱ्यावर जाऊन, आपली पाळी येण्याआधीच, मोठ्याने सांगून टाकलं. “आमची ठकू महाबळकडे चालली हो!” त्या दिवशी म्हणे तिला पहिल्या रांगेत पाणी मिळालं.

ठकू आधी हत्तीच्या टेकडीवर गेली.

महाबळ भला होता, हे ती आजही सांगते. त्याने तिला सावलीत बसवलं, स्वतःच्या सोंडेने पाणी पाजलं. मग तो बोलू लागला. चाळीसही झऱ्यांची गोष्ट त्याने सांगितली आणि प्रत्येक गोष्ट ऐकण्यासारखी होती. मधूनमधून तो तिला ‘ठमू’ म्हणत होता. तिने दुरुस्त केलं नाही. शेवटी म्हणाला, “ये तू, ठमू. तुझी जागा ठरलेली आहे. पूर्वेच्या उतारावरचा तिसरा चर. तो मी आखून ठेवलाय. तू फक्त खणायचंस.”

“आणि पाणी लागलं तर?”

“लागणारच!” महाबळ मनापासून हसला. “मी आखलाय ना!”

उतरताना डोहाच्या काठी त्याचे शिष्य भेटले. वीस-पंचवीस जण होते. तुकतुकीत अंगाचे, भरल्या पोटाचे. कसं आहे इथे, असं ठकूने ज्याला त्याला विचारलं. सगळे म्हणाले, “खूप शिकायला मिळतं,” आणि कामाला लागले. फक्त अंबू नावाची एक सशीण तिच्याबरोबर वाटेच्या वळणापर्यंत चालत आली. अंबू तिथे नऊ वर्षं होती.

“ताई, खरं सांगा,” ठकू म्हणाली.

अंबूने मागे वळून डोहाकडे पाहिलं. “वाईट काही नाही गं इथे. महाराज कधी रागावत नाहीत. उन्हाळ्यातही पाणी कमी पडत नाही. नऊ वर्षांत मला एकदाही तहान लागली नाही.” तिने एक कान जमिनीकडे वळवला. “आधी मला जमिनीखालचं पाणी ऐकू यायचं. आता नाही येत. तहान नसली की ऐकू येत नाही बहुतेक.” मग घाईने म्हणाली, “पण हे माझं झालं. तुझं वेगळं असेल. आणि हे बघ, जिथे जाशील तिथे, आहेत त्यांना विचारू नकोस. निघून गेलेत त्यांना गाठ.”

धोंडूमास्तरांची जागा शोधायलाच ठकूला अर्धा दिवस लागला. टेकडी कसली, एक उजाड माळ होता. मध्ये एक वारूळ, एक उंबर, आणि जिकडे तिकडे कोरडे खड्डे. मास्तर वारुळापाशी पालथे पडून मुंग्यांची रांग बघत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

“तुझ्या गावचा झरा आटला म्हणतेस. कुठून आटला?”

“म्हणजे?”

“वरून आटला, बुडातून आटला, की कडेने गेला?”

हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता. ‘अरेरे’ सगळे म्हणाले होते. काहीतरी शहाण्यासारखं बोलावं असं तिला फार वाटत होतं.

“माहीत नाही,” ती शेवटी म्हणाली.

“बरं झालं,” मास्तर म्हणाले. “मलाही माहीत नाही. ये मग.” आणि एवढं बोलणंही जास्त झाल्यासारखे ते मुटकुळं करून बसले.

त्या माळावर विचारण्यासारखं कुणीच नव्हतं. मग अंबूचं ऐकून ठकू निघून गेलेल्यांच्या मागावर गेली. मास्तरांची एक जुनी शिष्या, घोरपड, पश्चिमेच्या कड्यावर आपल्या झऱ्यापाशी उन्हात पडलेली होती. ती म्हणाली, “पहिली दोन वर्षं मी रोज रात्री ठरवायची की सकाळी पळून जायचं. माणूस म्हणून—” इथे ती थांबली, कारण त्या मुलखात माणूस नव्हताच, आणि हा शब्द कुठून आला ते तिलाही कळलं नाही. “जाऊ दे. मास्तर तुला पाणी देणार नाहीत. पण तू ओरडून सांगितलंस की इथे पाणी आहे, तर दुपारच्या उन्हात उठून बघायला येतील. दरवेळी येतील. शंभराव्या वेळीसुद्धा.”

ठकूने हत्तीला नकार कळवला. घरी गहजब झाला. “हत्तीनं बोलावलं आणि तू मुंग्या खाणाऱ्याकडे चाललीस?” आई म्हणाली. “झऱ्यावर मी आता काय तोंड दाखवू?” निघायच्या दिवशी आईने तिच्याकडे पाठ फिरवली होती, पण वाटेत उघडलेल्या शिदोरीत ठकूला आवडणारे कंद सगळ्यात वर ठेवलेले निघाले.

मग ती वर्षं सुरू झाली. ठकू आज त्यांना ‘सोन्यासारखी’ म्हणते. तेव्हा तसं काही वाटत नव्हतं.

पहिलं वर्ष नुसतं ऐकण्यात गेलं. जमिनीला कान लावायचा आणि काय ऐकू आलं ते मास्तरांना सांगायचं. ती म्हणायची, “पाणी.” मास्तर येऊन कान लावायचे. “हे तुझंच रक्त आहे, ठके. धावत आलीस ना? श्वास बसू दे.” दुसऱ्या वर्षी मुंग्या. कोणत्या मुंग्या कोरडी माती वर आणतात आणि कोणत्या ओलसर, हे पोटावर पडून पाहायचं. मास्तरही शेजारी पालथे पडत, आणि शिकवता शिकवता दोन-चार मुंग्या त्यांच्या जिभेवर जात. “हा नमुना गेला,” ते ओशाळून म्हणत.

तिसऱ्या वर्षी तिने उंबराच्या दक्षिणेला खड्डा घेतला. मास्तरांनी कान लावला, मान हलवली, “खण” म्हणाले. दीड महिना ती खणत राहिली. पंजे सोलवटले. बुडाला कोरडी रेती लागली.

“तुम्ही खण म्हणालात!” ती खड्ड्यातूनच ओरडली. तिचे सगळे काटे उभे राहिले होते.

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं ना, खाली काय आहे ते?”

“मला वाटलं होतं. वाटणं आणि माहीत असणं यांत दीड महिन्याचं अंतर असतं, हे मलाही आजच कळलं.” आणि मास्तर खड्ड्यात उतरले, तिच्या शेजारी बसले, आणि ती रेती चिमटीत धरून दोघांनी संध्याकाळ होईपर्यंत पाहिली. हत्तीच्या टेकडीवरून त्याच सुमाराला कर्णे वाजत होते. तिच्याबरोबर अर्ज केलेल्या कुणाला तरी चरात पाणी लागलं होतं.

पाचव्या वर्षीच्या चैत्रात ठकू माळाच्या उत्तर टोकाला गेली. तिकडे कुणी जात नसे, कारण तिकडे सलग काळा फत्तर होता. तिथे एका भेगेतून तांबड्या मुंग्या वर येत होत्या, आणि प्रत्येकीच्या तोंडात मातीचा कण होता. ठकूने एक कण जिभेवर ठेवला. तो ओला होता.

तिने मास्तरांना सांगितलं नाही. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. सोळा दिवस ती भेग रुंद करत राहिली. तिचे बत्तीस काटे तुटले. सतराव्या दिवशी फत्तराचा एक कपचा खाली घसरला, क्षणातच ‘डुबुक’ असा आवाज आला, आणि गार हवा वर तिच्या तोंडावर आली.

ती प्याली. पाणी इतकं गार होतं की दात ठणकले. आणि प्यायल्यावर तिला आधी आनंद झाला नाही; तिला शाळा आठवली. बाकांवर ओळीने बसलेली पिल्लं एका सुरात म्हणत होती, ‘काळा फत्तर लागला तर घरी जा.’ मास्तरांच्या नावावर झरे दोनच होते. मुलखात त्यांना जो काही मान होता तो या एका ओळीचा होता.

तिने भेगेवर दगड ठेवला.

त्यानंतर ती रोज लपून जायची, प्यायची, दगड सरकवायची. मास्तरांच्या नजरेला नजर द्यायचं टाळायची. वैशाखातल्या एका दुपारी मास्तर उंबराखाली बसले होते. ती समोरून गेली.

“ठके. पोटाला चिखल आहे तुझ्या.”

तिने खाली पाहिलं. आसपास दोन कोसांत चिखल नव्हता.

“किती दिवस झाले?”

“एकवीस.”

“एकवीस दिवस,” मास्तर हळूच म्हणाले, “तू एकटीच पाणी पीत होतीस?”

तिला वाटलं होतं ते विचारतील, कुठे? किंवा म्हणतील, अशक्य. पण त्यांनी हेच विचारलं, आणि ते ऐकून तिला आईची रांग आठवली आणि मान वर करवेना. ती पुढे निघाली. मास्तर मागून आले. काळा फत्तर सुरू झाला तसे त्यांचे पाय मंदावले. पण ते थांबले नाहीत.

तिने दगड सरकवला. खालून गार हवा आली. मास्तरांनी ती हुंगली. मग त्यांनी डोळे मिटले, अंग आवळलं, आणि तिथेच, त्या तापलेल्या फत्तरावर, त्यांचं मुटकुळं झालं.

पहिला दिवस गेला. ठकूने उंबराची पानं आणून त्यांच्यावर सावली केली. दुसरा दिवस गेला. तिने हाका मारल्या, माफी मागितली, झरा बुजवून टाकते म्हणाली. खवले हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती काहीच बोलली नाही. नुसती शेजारी बसून राहिली. दुपार कलली तेव्हा एक खवला उघडला, मग दुसरा. मास्तरांचं तोंड बाहेर आलं. ते सरपटत भेगेपाशी गेले आणि लांब जीभ खाली सोडून पिऊ लागले. फार वेळ पीत राहिले.

“गोड आहे गं,” ते म्हणाले.

आषाढात जलपीठाची सभा भरली. तिथे झरा नोंदायचा असतो. महाबळ आला होता, त्याचे शिष्य आले होते, टेकड्या भरून गेल्या होत्या. तिन्ही बगळ्यांनी डोळे मिटूनच ठकूचं म्हणणं ऐकलं, आणि मधल्या बगळ्याने नकारार्थी मान हलवली.

“काळ्या फत्तराखाली? नियम काय सांगतो?”

धोंडूमास्तर कधी सभेत बोलत नसत. ते उठले तेव्हा कुजबूज झाली.

“नियम मी लिहिला,” ते म्हणाले. “तेव्हा मी तरुण होतो. त्याच माळावर दोन महिने खणून फत्तर लागला. मी थकलो होतो. मी घरी गेलो, आणि मी घरी गेलो याचाच नियम केला. ही गेली नाही. एवढाच फरक आहे.”

महाबळचे कान हलले. मग मधल्या बगळ्याने एक डोळा उघडला. “बरं. नोंदताना रिवाजाप्रमाणे आधी गुरूचं नाव—”

“तिचं लिहा,” मास्तर म्हणाले. “मी तिथे नव्हतो.”

आणि खाली बसून त्यांनी मुटकुळं केलं. त्या दिवशी ठकू पाणाडी झाली. सभा उठल्यावर ती त्यांच्यापाशी गेली, पण ते उघडले नाहीत. तिने खवल्यांवर पंजा ठेवला, तो स्पर्श आत कुठेतरी धडधडणाऱ्या गोष्टीपर्यंत पोचला असावा, असं तिला वाटतं. दुसऱ्या दिवशी ती गावी निघाली. पुढच्याच वर्षी गावाजवळ तिने जुना झरा कडेने कुठे गेला ते शोधून काढलं. आईने त्या पाण्यावर सगळ्यात आधी कुणाला बोलावलं असेल, तर दोन डोंगरांपलीकडच्यांना. ‘या, तुम्ही आधी घ्या,’ म्हणाली. त्यातलं टोचणं ज्याला समजायचं त्याला समजलं.

धोंडूमास्तर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. महाबळही गेला. यंदा जलपीठाने ठरवलं की गेलेल्या पाणाड्यांच्या नावाने शिळा उभारायच्या आणि प्रत्येकाने काढलेले झरे त्यांवर कोरायचे. महाबळची शिळा दोन हत्तींएवढी उंच झाली. मास्तरांच्या शिळेचा विषय निघाला तेव्हा नवे बगळे म्हणाले, “दोन झरे आणि एक चुकलेला नियम. कोरायचं काय?” काही सुचलं तर कळवा, असा निरोप त्यांनी ठकूकडे पाठवला.

ठकू ज्येष्ठात जलपीठाला गेली. गुडघे दुखत होते, तरी ती सगळ्यात उंच कड्यावर चढली. एवढ्या वरून तो मुलूख तिने कधी पाहिला नव्हता. गवत वाळून झडलं की जमिनीवरच्या पायवाटा उघड्या पडतात. तशा त्या सकाळी सगळ्या उघड्या पडल्या होत्या.

एका बाजूला महाबळचा डोह होता, अजून निळा. त्याच्याकडे चहूबाजूंनी वाटा येत होत्या. लांबून बारीक, आणि डोहाजवळ येता येता एवढ्या रुंद झालेल्या की काठावर गवताची काडी उरली नव्हती. तिथून पुढे कुठे वाट जात नव्हती.

दुसऱ्या बाजूला मास्तरांचा माळ. वारूळ ढासळलेलं, उंबर वठलेला. पाण्याचा टिपूस दिसत नव्हता; उत्तर टोकाची ठकूची भेगही एवढ्या उंचावरून ओळखू येत नव्हती. तिथूनही वाटा निघाल्या होत्या, सात की आठ, माळाजवळ इतक्या पुसट की डोळे बारीक करून पाहाव्या लागत होत्या. एक पश्चिमेच्या कड्याकडे गेली होती. एक ठकूच्या गावाकडे. जसजशा त्या दूर जात होत्या तसतशा ठळक होत होत्या, आणि जिथे संपत होत्या तिथे प्रत्येकीच्या टोकाला हिरवा ठिपका होता. मग त्या ठिपक्यांतून पुन्हा बारीक वाटा फुटल्या होत्या, त्यांच्या टोकाला आणखी ठिपके, ज्यांतला एकही ठकूच्या ओळखीचा नव्हता. आणि त्यांच्याही पलीकडे, जिथे काळा फत्तर क्षितिजापर्यंत पसरला होता, तिथे एक अगदी नवी, केसाएवढी वाट त्या फत्तरावर चढून दिसेनाशी झाली होती.